दोन तारखांच्या मधलं आयुष्य

हिंदू विवाह कायद्यात 1976 साली मोठी दुरुस्ती झाली. क्रूरता हे तोवर फक्त कायदेशीर विभक्ततेचं कारण होतं, ते घटस्फोटाचंही कारण ठरलं. परस्पर संमतीने वेगळं होण्याची सोय झाली. आणि 21-ब हे कलम आलं. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत खटला निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, सुनावणी शक्यतो रोजच्या रोज चालावी, असं ते कलम सांगतं. ते आजही कायद्यात आहे. पण दोघांपैकी एकाला निकाल नकोच असेल, तर पहिले सहा महिने समन्स बजावण्यातच जातात.

छळ करणाऱ्या जोडीदाराला बहुतेक वेळा निकाल नकोच असतो, ही गोष्ट पहिल्याच दिवशी ओळखलेली बरी. मारहाण, संशय, फोनची तपासणी, पैशाची कोंडी, माहेरच्यांशी तोडातोड ही सगळी त्याची साधनं असतात. हेतू एकच, समोरच्या माणसाचं आयुष्य आपल्या मुठीत ठेवणं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हन स्टार्क यांनी 2007 साली याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि या प्रकाराला 'कोअर्सिव्ह कंट्रोल' म्हटलं. त्यांचा मुद्दा असा की एकेक थप्पड मोजून हा छळ कळत नाही, बाईचं रोजचं स्वातंत्र्य किती उरलं ते पाहावं लागतं. ती घर सोडून गेली की जुनी साधनं त्याच्या हातातून सुटतात आणि कोर्टाची प्रक्रिया हे नवं साधन हाती येतं. तिने कोणत्या दिवशी रजा काढायची, कुठल्या गावी जायचं, वकिलाला किती पैसे द्यायचे, रात्री झोप लागणार की नाही, हे पुन्हा तोच ठरवू लागतो. खटला लांबण्याला न्यायालयांवरचा कामाचा ताण आणि न्यायाधीशांच्या बदल्याही कारण असतात, हे खरंच. पण छळाच्या प्रकरणात लांबण हा छळाचाच पुढचा भाग असू शकतो, आणि तसं मानून तयारी करावी लागते.

इथे मी प्रामुख्याने बायकोच्या बाजूने लिहितो आहे, कारण कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा स्त्रियांनाच संरक्षण देतो आणि घर, पैसा, मुलं यांची कोंडी बहुतांशी त्यांचीच होते. छळ सोसणारे पुरुषही असतात. क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागण्याचा हक्क त्यांनाही तितकाच आहे, आणि पुढे पुराव्याबद्दल, तडजोडीबद्दल, मनाबद्दल जे लिहिलं आहे ते त्यांनाही लागू पडतं.

लांबणाऱ्या खटल्याचं मुंबईतलं एक जुनं उदाहरण आठवतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचं नाकारलं. दादाजींनी 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. अखेर 1888 मध्ये दादाजींना 2000 रुपये देऊन तडजोड झाली. चार वर्षं गेली. पाठीशी उभे असलेले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन खटला चालू असतानाच वारले. त्या काळात रखमाबाई नुसत्या निकालाची वाट पाहत बसल्या नाहीत. 'एक हिंदू स्त्री' या सहीने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, लोक जोडले. तडजोडीच्या पुढच्याच वर्षी त्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि परतून सुरतेत डॉक्टर म्हणून कामाला लागल्या. त्यांना घटस्फोट मिळाला नव्हता, तेव्हाच्या हिंदू कायद्यात तो नव्हताच. तरी आयुष्य पुढे नेता आलं.

मला सांगायचं आहे ते एवढंच. हुकूमनामा सगळ्यात शेवटी येतो. पण जगायला ज्या गोष्टी लागतात, म्हणजे सुरक्षितता, डोक्यावर छप्पर, महिन्याचा खर्च आणि मुलांची व्यवस्था, त्यांचे आदेश आधी आणि वेगळे मागता येतात. घटस्फोटाचा अर्ज टाकून 'एकदा निकाल लागू दे, मग बघू' म्हणत बसलं की सगळ्या चाव्या समोरच्याच्या हातात जातात.

पैशापासून सुरुवात करू. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेलं एक प्रकरण आज देशभर पोटगीच्या प्रत्येक अर्जात उद्धृत होतं. राजनेश विरुद्ध नेहा हा तो खटला. 2013 साली बायकोने स्वतःसाठी आणि मुलासाठी पोटगी मागितली. 2015 मध्ये नागपूरच्या न्यायालयाने बायकोला महिना 15,000 रुपये आणि मुलाला वेगळी रक्कम मंजूर केली. नवरा उच्च न्यायालयात गेला, मग सर्वोच्च न्यायालयात. 4 नोव्हेंबर 2020 रोजी अंतिम निर्णय आला तेव्हा अंतरिम पोटगीच्या अर्जाला सात वर्षं होऊन गेली होती. अंतरिम म्हणजे खटला संपेपर्यंतची तात्पुरती सोय, आणि तिलाच सात वर्षं! सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण निकाली काढताना सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्जं आणि खर्च यांचं ठरलेल्या नमुन्यातलं शपथपत्र द्यायचं. समोरच्याने ते चार आठवड्यांत द्यायचं, त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा मिळणार नाहीत. शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगी ठरवण्याचा प्रयत्न करायचा. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आदेशाच्या तारखेपासून नव्हे.

या शेवटच्या नियमाचं मोल मोठं आहे. पूर्वी अर्ज लटकवण्यात नवऱ्याचा थेट फायदा होता, जितके महिने लांबले तितक्या महिन्यांचे पैसे वाचत. आता थकबाकी साचत जाते. म्हणून अर्ज लवकर टाकावा, 'चिघळायला नको' म्हणून थांबू नये. शपथपत्रात आपली बाजू खरी लिहावी, आणि त्याच्या बाजूत जे लपलं असेल ते दाखवणारे कागद जोडावेत. पगारपत्रक मिळत नसेल तर गाडीचे हप्ते, क्लबची फी, परदेशप्रवासाचे फोटो, घरभाड्याची आवक यांवरूनही न्यायालय राहणीमानाचा अंदाज बांधतं.

पोटगी मंजूर झाली आणि त्याने भरलीच नाही तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे जुन्या 125 खाली, वसुलीचं वॉरंट निघतं आणि तरीही न भरल्यास कैदही होऊ शकते. पण थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'देईल आज ना उद्या' म्हणून दोन वर्षं वाट पाहिली तर या मार्गाने जुनी रक्कम वसूल करणं अवघड होतं. आणखी एक, ऐपत असूनही हेतुपुरस्सर पोटगी न भरणाऱ्याचा बचाव न्यायालय शेवटचा उपाय म्हणून रद्द करू शकतं, हेही नागपूरच्या त्याच प्रकरणात नमूद झालं आहे. वकिलाला हे विचारायला लाजू नका.

बऱ्याच बायका नोकरी धरत नाहीत, पोटगी बुडेल या भीतीने. 'नोकरी धरू नको' असा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नये. कमावण्याची क्षमता असणं आणि पुरेसं कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार म्हटलं आहे. तुटपुंज्या पगारामुळे पोटगीचा हक्क आपोआप जात नाही, रक्कम कमी-जास्त होऊ शकते. लांबणाऱ्या खटल्यात दर महिन्याला स्वतःच्या खात्यात येणारा पगार, कामावर भेटणारी माणसं आणि दिवसाचे आठ तास दुसऱ्या विषयात गुंतलेलं डोकं यांची किंमत पोटगीच्या आकड्याहून मोठी असते.

घराचं आणि सुरक्षिततेचं पाहायचं तर 2005 चा कायदा हे मुख्य हत्यार. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याखालचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यापुढे करता येतो, आणि घटस्फोटाचा खटला चालू असेल तर तेच दिलासे कौटुंबिक न्यायालयातही मागता येतात. तो त्रास देणार नाही, फोन करणार नाही, तिच्या कामाच्या जागी फिरकणार नाही, असा संरक्षण आदेश मिळतो. राहण्याचा आदेश मिळतो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेचा तिथे हक्कच नाही, हा जुना समज ऑक्टोबर 2020 मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. नवरा-बायको जिथे संसार करून राहत होते ते घर नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी सामायिक घर ठरू शकतं. परिस्थिती निकडीची असेल तर कलम 23 खाली त्याचं म्हणणं ऐकण्याआधी एकतर्फी अंतरिम आदेशही देता येतो. संरक्षण आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून आदेश मिळाल्यावर त्याची नक्कल घ्या, पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. आदेश फाइलमध्ये पडून राहिला तर तो कुणालाच थांबवत नाही.

इथे एक गंभीर गोष्ट. घर सोडण्याच्या आणि त्यानंतरच्या काळात हिंसा वाढू शकते, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. पूर्वी कधी गळा दाबला असेल, जिवे मारण्याची धमकी दिली असेल, हत्यार दाखवलं असेल, पाठलाग चालू असेल, तर धोका अनेक पटींनी जास्त समजावा. अशा वेळी 'बोलून मिटवू' म्हणून त्याला एकटं भेटायला जाऊ नये, कागद द्यायलाही नाही आणि दागिने घ्यायलाही नाही. स्त्रीधन तिच्याच मालकीचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. ते परत मिळवायला संरक्षण अधिकारी आहेत, पोलीस आहेत, न्यायालय आहे. पाटल्यांसाठी जीव धोक्यात घालू नये.

फोनकडेही लक्ष हवं. संसारात पासवर्ड एकमेकांना माहीत असतात. ईमेल, बँकेचं ॲप, फोटोंचा साठा, लोकेशन, मुलांचा टॅब, सगळे पासवर्ड एका बैठकीत बदलावेत, आणि शक्य असेल तर ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. कोर्टाच्या कामासाठी वेगळा ईमेल उघडावा. वकिलाशी झालेलं बोलणं समोरच्याला आधीच माहीत असतं, असं वाटू लागलं तर आधी फोन तपासावा.

आता लांबण कशी घडते ते. समन्स घेतलं जात नाही. बेलिफ जातो, दाराला कुलूप असतं. मग पत्ता बदललेला निघतो. समन्स बजावलं की वकीलपत्र दाखल होतं आणि कैफियतीसाठी मुदत मागितली जाते. मग वकील बदलतो. नवा वकील फाइल वाचायला वेळ मागतो. मग आजारपण, आईचं आजारपण, बाहेरगावची बदली. मग अचानक 'आम्हाला समेट करायचा आहे' असा अर्ज. त्यात चार तारखा गेल्या की समेट फिसकटतो. उलटतपासणीच्या दिवशी वकील दुसऱ्या कोर्टात असतात. मधल्या काळात दुसऱ्या शहरात नांदायला येण्याचा दावा, मुलाच्या ताब्याचा अर्ज, बदनामीची फिर्याद असे नवे खटले उभे राहतात, आणि ती तीन गावांच्या तीन कोर्टांत फिरत राहते.

यातल्या प्रत्येक पायरीला उत्तर आहे, फक्त ते मागावं लागतं. समन्स टाळलं जात असेल तर न्यायालयाच्या परवानगीने ते अन्य मार्गाने, दारावर चिकटवून किंवा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊनही बजावता येतं. 2003 च्या दुरुस्तीनंतर बायको स्वतः राहते तिथल्या न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज करू शकते, त्यामुळे माहेरी किंवा नोकरीच्या गावी राहत असाल तर तिथेच करा. त्याने लांबच्या गावी दावा लावला असेल तर तो आपल्या गावी वर्ग करून मागता येतो. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचा तर उच्च न्यायालयाकडे, दुसऱ्या राज्यातून आणायचा तर सर्वोच्च न्यायालयाकडे. विनाकारण तारीख मागितली तर खर्च बसवण्याची विनंती करता येते. आणि खटला फारच रेंगाळला तर उच्च न्यायालयाकडून कालबद्ध निकालाचा निर्देश मिळवता येतो.

हे सगळं मागायचं तर लांबण कोणामुळे झाली हे दाखवता आलं पाहिजे. त्याचा पुरावा कोर्टाच्याच दप्तरात असतो. प्रत्येक तारखेला रोजनामा लिहिला जातो, कोण हजर होतं, कोणी मुदत मागितली, का मागितली. ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखांचा इतिहास दिसतो. प्रत्येक तारखेनंतर एका वहीत एक ओळ लिहून ठेवावी. ही वही पंधरा-वीस ओळींची झाली की कुणी कधी काय केलं ते एका दृष्टिक्षेपात दिसतं आणि वकिलाच्या हातात नेमका कागद येतो. त्याखेरीज तिचा स्वतःलाही उपयोग होतो. 'आपलंच नशीब वाईट' ही भावना विरते आणि समोर एका माणसाचं वागणं स्पष्ट उभं राहतं.

पुराव्याबद्दल थोडं अधिक, कारण इथे बायका अकारण हताश होतात. 'मारलं तेव्हा कुणीच नव्हतं, मी काय सिद्ध करणार?' हा प्रश्न नेहमी येतो. पुण्याचं दास्ताने प्रकरण कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं जातं. 1956 सालचं लग्न, 1962 साली नवऱ्याने अर्ज केला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 1975 मध्ये. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी त्यात सांगितलं की वैवाहिक खटल्यात क्रूरता फौजदारी खटल्यासारखी संशयातीत सिद्ध करावी लागत नाही, दोन्ही बाजूंतली कुठली अधिक संभवनीय आहे हे पाहायचं असतं. म्हणून छोट्या गोष्टीही कामाच्या असतात. त्या रात्री बहिणीला केलेला फोन, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, शेजारणीने पाहिलेली सूज, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद, शाळेत मुलाने बाईंना सांगितलेली गोष्ट. मेसेज आणि ध्वनिफिती असतील तर मूळ फोन जपून ठेवावा, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की जोडीदाराशी झालेल्या आपल्याच संभाषणाचं नकळत केलेलं ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं. पण त्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकणं वेगळं, त्या वाटेला जाऊ नये.

त्याच दास्ताने निकालाचा दुसरा भाग मात्र फार कमी लोकांना माहीत असतो. न्यायालयाने क्रूरता झाल्याचं मान्य केलं आणि तरीही नवऱ्याचा अर्ज फेटाळला, कारण त्यानंतरही दोघांनी संसार केला होता. म्हणजे क्रूरतेला माफी दिली गेली, असं धरलं गेलं. ही माफी सशर्त असते, पुन्हा छळ झाला तर जुनी कारणंही जिवंत होतात, हेही तिथेच सांगितलं आहे. आपल्याकडे खटला रेंगाळला की नातेवाईक म्हणतात, 'महिनाभर जाऊन तर ये, सुधारलाही असेल.' जायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी तिचा. पण तो 'महिनाभर' उद्या उलटतपासणीत तिच्यापुढे ठेवला जाऊ शकतो, हे तिला आधी कुणीतरी सांगायला हवं. वकिलाला विचारल्याशिवाय आणि अटी लेखी झाल्याशिवाय परत जाऊ नये.

तडजोडीचा प्रस्ताव येतो तेव्हाही असंच. परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज आणि दुसरा अर्ज यांत किमान सहा महिन्यांचं अंतर असतं. 2017 पासून योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकतं. पण हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलं आहे. छळ करणारा माणूस याचा वापर करतो. पहिल्या अर्जाच्या वेळी तिच्याकडून पोटगीचा आणि हिंसाचाराचा खटला काढून घ्यायला लावतो, आणि पाचव्या महिन्यात म्हणतो, माझी संमती नाही. म्हणून रक्कम न्यायालयात जमा झाल्याशिवाय किंवा डिमांड ड्राफ्ट हातात आल्याशिवाय काहीही मागे घेऊ नये. जे मागे घ्यायचं ते अंतिम आदेशाच्या दिवशी. आणि 'सुटू दे एकदाची' या थकव्यात मुलांच्या पोटगीवर पाणी सोडू नये, तो हक्क मुलांचा आहे.

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. त्यांच्यापुढे बोललेलं गोपनीय राहतं. हिंसा झाली असेल तर तसं सुरुवातीलाच सांगा आणि वेगळं बोलण्याची मागणी करा. त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून कुठलीही बाई मोकळं बोलू शकत नाही.

मुलांच्या भेटी हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक धागा. भेटीचा दिवस आला की तो पुन्हा तिच्या दारात येऊन उभा राहतो. देवाणघेवाण घरी न ठेवता न्यायालयाच्या बालकक्षात, किंवा तटस्थ ठिकाणी, आजोबा-मामाच्या हस्ते व्हावी, असा आदेश मागता येतो. त्याच्याशी बोलणं लेखी ठेवावं आणि फक्त मुलांच्या कामापुरतं. वेळ, जागा, औषध, परीक्षा, बस. त्याने पन्नास ओळींची शिवीगाळ पाठवली तरी उत्तर दोन ओळींचं असावं, आणि शिवीगाळ जपून ठेवावी. मुलांकरवी निरोप पाठवू नयेत, 'बाबा काय म्हणाले' असं खोदून विचारू नये. त्यांना वडिलांबद्दल प्रेम वाटू शकतं, त्याचा राग धरू नये. फक्त भेटीनंतर मूल घाबरलेलं, गप्प, अंथरूण ओलं करणारं दिसलं तर ती नोंद तारखेनिशी ठेवावी आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

शरीराचंही ऐकावं लागतं. तारखेच्या चार-पाच दिवस आधीपासून झोप उडते, पोट बिघडतं, छातीत धडधडतं, क्षुल्लक आवाजाने दचकायला होतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो दिसला की पाय थरथरतात. बायकांना याची लाज वाटते, 'आता तर तो हातही लावू शकत नाही, मग मी का घाबरते?' वर्षानुवर्षं धोक्यात राहिलेलं शरीर धोका टळल्यावरही बराच काळ सावध राहतं. ही कमजोरी नव्हे. आणि कधी कधी त्याची आठवण येते, त्याचे चांगले दिवस आठवतात, वाटतं की आपण घाई केली. छळ सतत नसतो, मधेमधे माया असते, माफ्या असतात, म्हणूनच तर माणूस इतकी वर्षं थांबतो. आठवण आली म्हणजे निर्णय चुकला असं होत नाही.

उपाय साधे आहेत आणि ते नेमाने करावे लागतात. खटल्याच्या कामाला आठवड्यातला एक ठरावीक दिवस द्यावा, उरलेल्या दिवसांत ती फाइल कपाटात. त्याचे मेसेज रात्री वाचू नयेत. जमल्यास भावाने किंवा मैत्रिणीने आधी वाचून कामाचं तेवढं सांगावं. उलटतपासणीआधी वकिलाबरोबर सराव करावा. प्रश्न पूर्ण ऐकावा, तेवढंच उत्तर द्यावं, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणावं, त्याच्याकडे न पाहता न्यायाधीशांकडे पाहून बोलावं. चारित्र्यावर प्रश्न येतील. त्यांचा उद्देश तिला चिडवण्याचा असतो. पाणी मागता येतं, क्षणभर थांबता येतं. न्यायालयातला समुपदेशक वेगळा आणि स्वतःच्या मनासाठीचा समुपदेशक वेगळा. दुसराही हवा. टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

एका गोष्टीकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. खटला चालू असेपर्यंत कायद्याने तो नवराच असतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलांबरोबर नवराही वारस ठरतो. म्हणून साधं मृत्युपत्र आताच करून ठेवावं. भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि बँकेतलं नामनिर्देशन तपासावं. एकत्र कर्जात सहकर्जदार म्हणून नाव असेल तर हप्ते थकल्यावर बँक तिलाही धरते, त्यामुळे बँकेला लेखी कळवून ठेवावं.

मदत कुठे मिळते, तेही. 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, दूरध्वनी 15100. महिलांसाठी 181, तातडीने पोलीस हवे असतील तर 112. पोलीस ठाण्यांतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष ही महाराष्ट्रातलीच निर्मिती, 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर ते सुरू केले. मुंबई पालिकेच्या रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत. मजलिस ही वकील महिलांची संस्था फ्लेविया ॲग्नेस यांनी मुंबईत उभी केली. त्यांनी स्वतः हिंसक लग्नातून बाहेर पडल्यानंतर कायद्याचं शिक्षण घेतलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितल्याचं आढळलं. ज्या मागतात त्या बहुधा आधी घरच्यांकडे, माहेरी जातात. तिथे पहिल्या वर्षी सगळे सोबत असतात. तिसऱ्या वर्षी भावजयीचा चेहरा बदलतो, 'अजून किती दिवस चालणार' हा प्रश्न जेवणाच्या ताटावर येऊ लागतो, आणि तिला वाटू लागतं की आपणच ओझं झालो. छळ करणाऱ्याला नेमकी हीच घडी हवी असते.

तेव्हा तुमच्या घरात, नात्यात, कामाच्या जागी कुणाचा असा खटला चालू असेल, तर 'काय झालं पुढे?' असं विचारू नका. पुढची तारीख विचारा आणि त्या दिवशी रजा काढून तिच्यासोबत जा. सुनावणी बंद दाराआड असेल तर तुम्हाला आत बसू देणार नाहीत. बाहेर बाकावर बसा, पाण्याची बाटली आणि डबा सोबत ठेवा, आणि संध्याकाळी तिला घरापर्यंत सोडा.